प्लेसिओसॉरची लांब मान: एका सुट्या मणक्यापासून

प्रश्न असा आहे: प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपांची मान इतकी लांब कशी झाली, चित्रांत दिसते तशी ती हंसासारखी उंच धरता यायची का, आणि मानेचा एखादा सुटा मणका समोर आला तर त्यावरून किती सांगता येते? शेवटचा भाग मी आधी घेतो. मान कशी वाढली आणि कशी वाकायची याचा बहुतेक पुरावा त्या मणक्यातच आहे. तो वाचता आला की उरलेले दोन भाग बरेच सोपे होतात.

ओळख थोडक्यात करून देतो. प्लेसिओसॉर हे डायनोसॉर नव्हेत. सॉरोप्टेरिजिया नावाच्या वेगळ्या सागरी शाखेतले ते प्राणी. ट्रायासिक, ज्युरासिक आणि क्रेटेशस हे पृथ्वीच्या इतिहासातले एकापाठोपाठचे तीन कालखंड. ट्रायासिक काळाच्या अखेरीस ते दिसू लागतात आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रेटेशसच्या शेवटी, नाहीसे होतात. म्हणजे साडेतेरा कोटी वर्षे त्यांनी समुद्रात काढली. रुंद आणि ताठ धड, वल्ह्यांसारखे चार अवयव, आखूड शेपूट आणि पुढे मान. लांब मानेची टोकाची दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या इलास्मोसॉरसच्या मानेत ७२ मणके होते आणि मान सुमारे ७ मीटर होती. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात सापडलेल्या अल्बर्टोनेक्टीसच्या मानेत ७६ मणके होते आणि त्याची एकूण लांबी ११ मीटरच्या वर होती. एवढे मणके असलेली मान दुसऱ्या कोणत्याही ज्ञात प्राण्यात दिसत नाही. जिराफाच्या मानेत ७ मणके असतात, माणसाच्याही तेवढेच. हंसाच्या मानेत २२ ते २५.

मणका कसा वाचायचा

मणक्याचा मुख्य भाग म्हणजे सेंट्रम, दोऱ्याच्या रिळासारखा जाड गोल तुकडा. त्याच्या वर मज्जारज्जू जाण्यासाठी हाडाची कमान असते आणि कमानीवर उभा काटा. कमानीला पुढे आणि मागे दोन-दोन जीभांसारखे सांधे असतात, त्यांनी एक मणका शेजारच्या मणक्यात अडकतो. सुटा मणका मिळतो तेव्हा बहुधा फक्त सेंट्रम हाती येते, कमान तुटून गेलेली असते. तरीही पुरेसे आहे.

पहिले काम, सेंट्रम उलटे करून तळ पाहायचा. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक छिद्र दिसले तर मणका प्लेसिओसॉरचा असण्याची शक्यता फार मोठी. ही रक्तवाहिन्यांची छिद्रे आहेत. मानेच्या मणक्यांत ती तळाशी जवळजवळ असतात, दोघांमध्ये हाडाची एक बारीक कड असते. चिखल किंवा दगडाने बुजलेली असली तर पटकन नजरेस पडत नाहीत, म्हणून तळ मऊ ब्रशने आणि पाण्याने साफ केल्याशिवाय ‘छिद्रे नाहीत’ असे लिहू नये.

मग दोन्ही तोंडे पाहायची. प्लेसिओसॉरच्या सेंट्रमची तोंडे जवळजवळ सपाट किंवा किंचित खोलगट असतात. इक्थिओसॉर या माशासारख्या आकाराच्या सागरी सरीसृपाचे सेंट्रम पातळ चकतीसारखे असते आणि दोन्ही बाजूंनी बशीसारखे खोल. मोसासॉर या सरड्यांच्या नात्यातल्या सागरी सरीसृपाचे पुढचे तोंड खोलगट आणि मागचे फुगीर, वाटीत गोळा बसावा तसे. या तीन आकारांतला फरक एकदा डोळ्यांत बसला की झिजलेल्या तुकड्यावरही गल्लत होत नाही.

तिसरी खूण बरगडीच्या खाचेची, आणि खरी मेख इथेच आहे. प्लेसिओसॉरच्या मानेच्या प्रत्येक मणक्याला छोट्या बरगड्या असायच्या. खाच पूर्णपणे सेंट्रमवर असेल तर मणका मानेचा. अर्धी सेंट्रमवर आणि अर्धी कमानीवर असेल तर तो मान आणि धड यांच्या सांध्यावरचा, खांद्याजवळचा. पूर्ण वर, कमानीच्या बाजूला निघालेल्या दांड्यावर गेली असेल तर धडाचा. मान कुठे संपते हे याच नियमाने ठरते. एकाच सांगाड्याला एकजण ७१ मणके म्हणतो आणि दुसरा ७२ किंवा ७५, त्यात बहुतेक वेळा कोणाची मोजणी चुकलेली नसते. खांद्याजवळचे दोन-तीन मणके मानेत धरले की नाही एवढाच फरक असतो. आकडा देताना हे सांगितले नाही तर दोन सांगाड्यांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

शेपटीतही बरगडीची खाच पुन्हा सेंट्रमवर येते. त्यामुळे सुटा शेपटीचा मणका मानेचा समजला जातो. ओळखायचे ते तळाच्या कडांवरून. शेपटीच्या मणक्यांखाली इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची हाडे लटकलेली असतात, आणि त्यांच्या बैठकींचे तिरपे काप सेंट्रमच्या खालच्या कडेवर दिसतात. मानेत ते नसतात. ही खूण पाहण्याचा कंटाळा करू नये. १८६८ मध्ये एडवर्ड ड्रिंकर कोप या नामांकित अमेरिकी शास्त्रज्ञाने इलास्मोसॉरसचे वर्णन केले तेव्हा सगळा पाठकणा उलटा धरला गेला आणि डोके शेपटीच्या टोकाला बसले. लांब मान शेपूट ठरली, आखूड शेपूट मान. १८७० मध्ये जोसेफ लायडी या दुसऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञाने ही चूक जाहीरपणे दाखवून दिली, आणि कोप यांना आधी वाटलेल्या छापील प्रती परत गोळा करण्याची धडपड करावी लागली. कोप हाडांच्या अभ्यासातले मोठे नाव होते. तोपर्यंतच्या अनुभवात एवढी लांब मान कोणालाच ठाऊक नव्हती आणि लांब शेपूट ओळखीची होती, एवढेच चुकायला पुरे झाले.

खाचांची संख्याही पाहावी. जुन्या, म्हणजे ट्रायासिक आणि सुरुवातीच्या ज्युरासिक काळातल्या प्लेसिओसॉरांच्या मानेच्या बरगडीला बहुधा दोन डोकी असतात, म्हणून सेंट्रमवर एकाखाली एक अशा दोन खाचा. क्रेटेशसमधल्यांत बहुधा एकच. एवढ्यावरून कालखंड ठरवू नये, पण खडकाचे वय आणि खाचांची संख्या एकमेकांशी जुळत नसतील तर नोंद पुन्हा तपासावी. क्रेटेशसच्या उत्तरार्धातल्या इलास्मोसॉरांना, म्हणजे इलास्मोसॉरसच्या लांब मानेच्या कुळाला, आणखी दोन खुणा असतात. सेंट्रमच्या बाजूने आडवी धावणारी एक कड असते, ती स्नायू धरून ठेवण्यासाठी. आणि तोंडाच्या तळाशी मध्यभागी खाच पडलेली असते, त्यामुळे समोरून पाहिले तर आकार आडव्या ठेवलेल्या डंबेलसारखा दिसतो.

मापे आणि त्यातल्या चुका

कॅलिपरने तीन मापे घ्यायची: सेंट्रमची लांबी तळाच्या मध्यरेषेवर, आणि उंची व रुंदी मागच्या तोंडावर. कमान उंचीत धरायची नाही. उंची आणि रुंदी यांची सरासरी काढून लांबीला तिने भागायचे आणि १०० ने गुणायचे. समजा लांबी ११० मि.मी., उंची ८० आणि रुंदी १०० आहे. सरासरी ९०, निर्देशांक १२२. शंभरच्या खाली म्हणजे आखूड मणका, शंभरच्या वर म्हणजे लांबोडा. बहुतेक प्लेसिओसॉरांचे मानेचे मणके शंभरच्या आसपास किंवा खाली राहतात. इलास्मोसॉरांच्या मानेच्या मध्यावरचे मणके शंभरच्या बरेच वर जातात.

सरासरी का, नुसती उंची का नाही? शेलसारख्या, म्हणजे चिखलाच्या थरांपासून बनलेल्या, खडकात हाडे वरच्या वजनाने चेपली जातात. चेपताना उंची कमी होते आणि रुंदी वाढते. नुसत्या उंचीशी तुलना केली तर चेपलेला मणका खोटा लांबोडा दिसतो. दोन्हींच्या सरासरीत ही चूक बरीचशी भरून निघते. पूर्ण नाही. अगदी पोळीसारखा सपाट झालेला मणका मोजणीतून वगळलेलाच बरा.

यापेक्षा मोठा धोका वयाचा. पिल्लाचे सेंट्रम त्याच्या उंची-रुंदीच्या मानाने आखूड असते. वाढ होताना ते लांबीत अधिक वेगाने वाढते. म्हणजे इलास्मोसॉरच्या पिल्लाचा मणका मापावरून आखूड मानेच्या एखाद्या वेगळ्याच कुळात जाऊन बसतो, आणि अशा सुट्या मणक्यांवर नवी नावे दिली गेली की पुढच्या अभ्यासकांना ती निस्तरत बसावी लागतात. वय तपासायचे ते कमान आणि सेंट्रम यांच्या जोडावर. जोडरेषा स्पष्ट दिसत असेल, किंवा कमान स्वच्छ सुटून सेंट्रमवर खडबडीत बैठक राहिली असेल, तर प्राणी पूर्ण वाढलेला नव्हता. जोड पूर्ण बुजलेला असेल तर प्रौढ. माझ्या मते ही नोंद नसलेल्या मापांना तुलनेत घेऊच नये.

आता समजा बरीचशी मान एकत्र मिळाली. मणके क्रमाने लावून प्रत्येकाची लांबी आलेखावर मांडावी. इलास्मोसॉरच्या मानेत डोक्याजवळचे मणके लहान असतात, मध्याकडे लांबी हळूहळू वाढते, आणि खांद्याकडे येताना पुन्हा थोडी घटते. उंची-रुंदी मात्र खांद्याकडे वाढतच जाते. ही रेषा सलग असायला हवी. मध्येच पायरीसारखी उडी दिसली तर तिथला एखादा मणका हरवलेला आहे, किंवा दोन मणक्यांची अदलाबदल झाली आहे, किंवा दुसऱ्याच प्राण्याचा मणका येऊन मिसळला आहे. पहिले दोन मणके, ज्यांवर कवटी टेकते, प्रौढांत एकमेकांना चिकटलेले असतात. ते दोन म्हणून मोजायचे असतात हे विसरले जाते.

मानेची लांबी काढताना सेंट्रमांची बेरीज केली की काम संपत नाही. प्रत्येक दोन मणक्यांमध्ये कूर्चा होती आणि ती जीवाश्मात उरलेली नसते. इलास्मोसॉरसच्या मानेत सत्तरेक सांधे आहेत. प्रत्येक सांध्यात ५ मि.मी. कूर्चा धरली तर मान ३५ सें.मी. वाढते, १० मि.मी. धरली तर ७० सें.मी. किती धरली हे लिहिल्याशिवाय दिलेली ‘एकूण लांबी’ पडताळता येत नाही.

मान लांब होण्याच्या वाटा

लांब मान तीन प्रकारे होऊ शकते. मणक्यांची संख्या वाढवायची, किंवा प्रत्येक मणका लांब करायचा, किंवा मान आणि धड यांची सीमा मागे सरकवून धडातले मणके मानेत घ्यायचे. पहिल्या वाटेचा निर्णय गर्भातच होतो, पाठकण्याचे खंड किती पडतात त्यावर. तिसऱ्या वाटेचाही गर्भातच, कोणता खंड मान होणार आणि कोणता धड हे हॉक्स जनुके ठरवतात म्हणून. दुसरी वाट मात्र वाढीच्या वयातही चालू राहते. पिल्लाचे आखूड मणके प्रौढात लांब होतात ते त्यामुळेच. जिराफाने फक्त दुसरी वाट धरली. सस्तन प्राण्यांत ७ हा आकडा जवळजवळ पक्का बांधलेला आहे, तो हलत नाही. सॉरोप्टेरिजिया शाखेत तो कधी बांधलाच गेला नाही, आणि प्लेसिओसॉरांची सगळी करामत या मोकळीकीतून आली.

सुरुवात फार लवकर झाली. चीनमधल्या हुबेई प्रांतात सापडलेला चुसॉरस, सुमारे २४.८ कोटी वर्षांपूर्वीचा लहानसा पाकीप्लुरोसॉर (सॉरोप्टेरिजियातलाच एक आरंभीचा गट), २०२३ मध्ये वर्णिला गेला. त्याच्या मानेत १७ मणके आहेत. त्याच्या नंतरच्या नातलगांत हा आकडा २५ च्या आसपास जातो. ट्रायासिकच्या आधीच्या पर्मियन काळाच्या अखेरच्या महाविनाशानंतर समुद्र रिकामे झाले होते, नव्या शिकारी प्राण्यांना जागा होती, आणि अवघ्या काही दशलक्ष वर्षांत माना लांबल्या. पुढे नोथोसॉर आले, मग पिस्टोसॉर, आणि ट्रायासिकच्या शेवटी खरे प्लेसिओसॉर. जर्मनीतल्या बोनेनबुर्ग इथला ऱ्हेटिकोसॉरस हा सर्वांत जुन्या खऱ्या प्लेसिओसॉरांपैकी एक. २०१७ मध्ये त्याचे वर्णन झाले. त्याच्या हाडांचे पातळ काप पाहिले तर हाड वेगाने वाढल्याच्या खुणा दिसतात, म्हणजे चयापचय जोरात होता. सुरुवातीच्या ज्युरासिकमधल्या प्लेसिओसॉरसच्या (ज्याच्यावरून सगळ्या गटाला नाव मिळाले त्याच्या) मानेत ४० च्या आसपास मणके आहेत, नंतरच्या क्रिप्टोक्लायडसमध्ये ३० च्या थोडे वर, आणि क्रेटेशसच्या अखेरच्या इलास्मोसॉरांत ७० च्या वर. इलास्मोसॉरांनी संख्या तर वाढवलीच, शिवाय प्रत्येक मणकाही लांब केला. दोन वाटा एकदम.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो अजूनही चित्रांच्या पुस्तकांत टिकून आहे. आधी अशी वाटणी होती: लांब मान आणि लहान डोके म्हणजे प्लेसिओसॉर, आखूड मान आणि मोठे डोके म्हणजे प्लायोसॉर, दोन स्वतंत्र घराणी. हाडांच्या बारीकसारीक लक्षणांवरून वंशवृक्ष मांडल्यावर हे चित्र कोसळले. क्रेटेशसमधले पॉलिकोटिलिड आखूड मानेचे आणि लांब तोंडाचे आहेत, पण ते प्लायोसॉरांपेक्षा इलास्मोसॉरांच्या जवळचे. म्हणजे आखूड मान एकापेक्षा जास्त वेळा, वेगवेगळ्या शाखांत आली. खुद्द इलास्मोसॉरांतही अरिस्टोनेक्टीससारख्या दक्षिण गोलार्धातल्या प्राण्यांत मान पुन्हा आखूड झाली, डोके रुंद झाले आणि बारीक दात भरपूर वाढले. मान हा वंशाचा भरवशाचा दाखला नाही. ती आहाराप्रमाणे मागेपुढे होत राहिली.

दुसरी वाट धरलेला प्राणी शेजारी ठेवला की फरक नीट दिसतो. टॅनिस्ट्रोफियस हा मध्य ट्रायासिकमधला सरीसृप, स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरच्या मोंते सान जॉर्जो डोंगरातून त्याचे उत्तम सांगाडे आले. प्लेसिओसॉरांशी त्याचे जवळचे नाते नाही. तो मगरी आणि पक्षी ज्या मोठ्या शाखेत येतात तिच्या बुडाशी बसतो. त्याच्या मानेत फक्त १३ मणके आहेत, पण मोठ्या प्राण्याची मान ३ मीटरपर्यंत जाते. एकेक मणका नळीसारखा. मणके इतके अनोळखी होते की १८८६ मध्ये त्यांना उडणाऱ्या सरीसृपाच्या पंखाची बोटे समजून त्या प्राण्याला ट्रिबेलेसोडॉन हे नाव दिले गेले. पूर्ण सांगाडे मिळाल्यावर स्विस शास्त्रज्ञ बर्नहार्ड पायर यांनी ती चूक दुरुस्त केली. मानेच्या बरगड्या लांब दोऱ्यांसारख्या, एकीवर एक अशा जुड्या बांधून मागे जातात आणि मान ताठ ठेवतात. २०२० मध्ये कवटीचे सीटी स्कॅन करून दिसले की नाकपुड्या मुस्काटाच्या वरच्या बाजूला आहेत, म्हणजे प्राणी पाण्यातला. पिल्लांचे समजले जाणारे लहान सांगाडे प्रत्यक्षात वेगळ्या लहान जातीचे आहेत, हेही हाडांतल्या वाढीच्या वलयांवरून तेव्हाच ठरले. अशा मानेचा धोकाही उघड आहे. २०२३ मध्ये दोन सांगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत मान मध्येच तोडलेली आहे आणि हाडांवर दातांच्या खुणा आहेत. शिकाऱ्याने डोके-मान तोडली.

त्याच्याच दूरच्या नात्यातला चीनचा डायनोसेफॅलोसॉरस, मानेत ३२ मणके. तो प्लेसिओसॉरांच्या वाटेने गेला. नाते एकीकडचे आणि वाट दुसरीकडची, असे हे प्रकरण आहे.

मान किती वाकायची

मणक्यांची संख्या जास्त म्हणजे मान सापासारखी, असा सरळ हिशोब लोक करतात. तो चुकतो. वाकणे ठरते प्रत्येक सांध्यात, आणि तिथे तीन गोष्टी अडवतात: कमानीवरच्या सांध्यांच्या पृष्ठभागांचा कल, वरचे काटे एकमेकांना कधी टेकतात, आणि सपाट तोंडांच्या मधल्या कूर्चेची जाडी. सपाट तोंडाच्या दोन चकत्या जवळ ठेवून वाकवून पाहा. कडा लगेच भिडतात. प्रत्येक सांधा जेमतेम काही अंश देतो. पण सत्तर सांध्यांनी प्रत्येकी २ अंश दिले तरी बेरीज १४० अंशांची होते. फक्त ती सबंध ७ मीटरवर पसरलेली असते. त्यामुळे मान मोठ्या, सौम्य कमानीत वळते. तिला कोपर फुटत नाही.

कूर्चा किती धरायची यावर उत्तर केवढे बदलते पाहा. २००८ मध्ये इलास्मोसॉरांच्या मानेवर झालेल्या एका अभ्यासात, मऊ भागांची जाडी कमी-जास्त धरली तशी खाली वाकण्याची मर्यादा ७५ पासून १७७ अंशांपर्यंत फिरली. बाजूला वळण्याची मर्यादा ९४ ते १७६. म्हणून एखाद्या चित्राच्या किंवा संगणकी प्रतिकृतीच्या जोरावर कोणी ठाम अंश सांगितले, तर आधी कूर्चा विचारावी. त्याच अभ्यासाचा निष्कर्ष मात्र कूर्चा कितीही धरली तरी टिकतो: हंसासारखा इंग्रजी एस अक्षराचा बाक या मानेला शक्य नव्हता. त्यासाठी जवळजवळच्या सांध्यांनी उलटसुलट दिशांना तीव्र वळावे लागते.

वजनाचा हिशोबही हेच सांगतो. ७ मीटर मानेचा सरासरी व्यास २५ सें.मी. धरा. घनफळ सुमारे ०.३४ घनमीटर, म्हणजे वजन साधारण साडेतीनशे किलो. मोठ्या डायनोसॉरांच्या मानेतल्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या होत्या, प्लेसिओसॉरांच्या नव्हत्या. पाण्यात हे वजन पाणीच उचलते. अर्धी मान बाहेर काढली की पावणेदोनशे किलो धडापासून कित्येक मीटर पुढे हवेत लटकणार. पायाखाली जमीन नाही, रेटा द्यायला फक्त पाणी. मान वर जाण्याऐवजी धडाचा पुढचा भाग खाली बुडणार. शिवाय डोके हृदयापेक्षा दर मीटर उंच नेले की रक्तदाबात सुमारे ७७ मि.मी. पाऱ्याची भर लागते, तीन मीटरला २३० च्या आसपास. श्वास घ्यायला मान पृष्ठभागाशी जवळजवळ आडवी ठेवून मुस्काट वर काढणे पुरेसे होते, आणि तसेच चित्र काढावे.

श्वासाचा आणखी एक मुद्दा फार कमी लोक लक्षात घेतात. श्वासनलिकेत अडकलेली हवा फुप्फुसांच्या कामाची नसते. ७ मीटर नलिकेचा आतला व्यास ४ सें.मी. धरला तर तिच्यात जवळपास ९ लिटर हवा मावते. प्रत्येक श्वासात ही ९ लिटर हवा नुसती मागेपुढे होणार. व्यास दुप्पट केला तर ही हवा चौपट होते, अर्धा केला तर चौथाईवर येते पण हवा ओढायला जोर फार लागतो. म्हणून अशा प्राण्याचा श्वास संथ आणि खोलच असणार. भरभर, उथळ श्वासांत ताजी हवा फुप्फुसांपर्यंत पोहोचणारच नाही.

पोहताना मानेचा अडथळा होत नसे का? सरळ ठेवली तर फारसा नाही. संगणकावर पाण्याचा प्रवाह सोडून केलेल्या २०१९ च्या अभ्यासात सरळ धरलेल्या मानेच्या लांबीमुळे अवरोध विशेष वाढला नाही. वाकवली की वाढला. नुसत्या हाडांवर कातडी ओढावी तशी बारीक मान काढतात, त्यापेक्षा स्नायूंनी भरलेली, बुंध्याशी धडात मिसळणारी जाड मान पाण्यात अधिक चांगली चालली. २०२२ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने दाखवले की लांब मानेने येणारा जादा अवरोध मोठ्या धडामुळे भरून निघतो. फार लांब माना मोठ्या शरीरांवरच का दिसतात त्याचे हे समाधानकारक कारण आहे. वेगात असताना मान एका बाजूला वळवली तर ती पुढच्या सुकाणूसारखी सगळ्या शरीराला फिरवते, म्हणून मान वळवायची ती थांबून किंवा अगदी सावकाश पोहताना.

मग मानेचा उपयोग काय? डोके लहान, दात सुईसारखे लांब आणि वरखाली एकमेकांत अडकणारे. चावून तुकडे पाडण्याची सोय नाही, जे धरले ते गिळायचे. धड मागे राहते आणि छोटे डोके माशांच्या थव्यापर्यंत आधी पोहोचते, ही एक रीत. दुसरी रीत तळावर चरण्याची. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या इलास्मोसॉरांच्या पोटात शिंपले-गोगलगायींसारख्या तळावरच्या प्राण्यांचे तुकडे सापडल्याचे प्रसिद्ध झाले. मान खाली वाकवणे सोपे होते, ते इथे जुळते. पोटात गुळगुळीत गोटेही सापडतात. ते जड होऊन बुडण्यासाठी गिळले असे म्हटले जाते, पण शरीराच्या वजनाच्या मानाने ते इतके थोडे आहेत की तरंगण्या-बुडण्यावर त्यांचा परिणाम नगण्य.

धडाबद्दल मोजकेच. खांद्याची आणि कमरेची हाडे पोटाच्या बाजूला रुंद पत्र्यांसारखी पसरलेली, त्यांच्या मध्ये पोटावरच्या बरगड्यांची जाळी. चारही वल्ह्यांच्या स्नायूंना त्यामुळे घट्ट आधार. बोटांत पेरांची संख्या वाढून वल्ही लांब झाली. २०१७ मध्ये यांत्रिक वल्ह्यांच्या जोडीवर केलेल्या प्रयोगात, पुढच्या वल्ह्याने सोडलेल्या भोवऱ्यांत योग्य वेळी हलवलेल्या मागच्या वल्ह्याचा जोर ६० टक्क्यांपर्यंत वाढला. अंडी घालायला ते किनाऱ्यावर येत नसत. कॅन्ससच्या पॉलिकोटिलसच्या पोटात एकच, पण मोठे भ्रूण आहे. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झाले. २०२५ मध्ये जर्मनीतल्या होल्ट्समाडेन भागातल्या सांगाड्यावरून समजले की शेपटीजवळची त्वचा गुळगुळीत होती आणि वल्ह्यांवर खवले होते.

‘समुद्रात लांब मानेचा मेलेला प्राणी सापडला’ अशी बातमी आली तर आधी बास्किंग शार्क आठवावा. १९७७ मध्ये न्यूझीलंडजवळ एका जपानी मासेमारी जहाजाने ओढून काढलेले कलेवर प्लेसिओसॉरचे म्हणून गाजले. हा शार्क कुजताना जबडा आणि कल्ल्यांचा भाग आधी गळून पडतो, मागे छोटी कवटी आणि पाठकण्याचा लांब दांडा उरतो. ऊतींच्या तपासणीनेही तो शार्कच निघाला.

शेवटी सांगाडा उचलण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त माहिती तिथेच हरवते. डिसेंबर १८२३ मध्ये जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांनी इंग्लंडच्या लाइम रीजिस इथे प्लेसिओसॉरचा पहिला पूर्ण सांगाडा काढला. मानेतले मणके इतके होते की पॅरिसचे शरीररचनेचे नामवंत अभ्यासक जॉर्ज क्यूव्हिए यांना दोन प्राणी जोडल्याची शंका आली. ती फिटली, कारण मणके खडकात एकामागे एक, जागच्या जागी होते, आणि फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्या सांगाड्याची माहिती मांडली गेली. म्हणून मानेचा एकही मणका हलवण्याआधी वरून मोजपट्टीसह फोटो काढावा. प्रत्येक मणक्याला क्रमांक द्यावा. दोन मणक्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये लिहावे. कूर्चेचा अंदाज बांधायला पुढे त्याचीच मदत होते. सुटे पडलेले तुकडे शेजारच्या क्रमांकासह वेगळ्या पिशवीत ठेवावेत, अंदाजाने रांगेत बसवू नयेत. आणि प्रत्येक मणक्यावर न पुसणारा बाण काढावा, बाणाचे टोक डोक्याच्या दिशेला.